कोळशावरच्या विजेसाठी उत्सर्जनाचे मानक कायद्यात कसे बांधावे?

कर्वेनगरकर (प्रश्न)

नमस्कार. कर्वेनगर परिसरातील आम्ही काही वीजग्राहक महिन्यातून एकदा एकत्र बसतो आणि एखाद्या सार्वजनिक विषयावर टिपण तयार करून संबंधित खात्याला पाठवतो. बहुतेक टिपणांना उत्तर येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. या वेळचा विषय कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांच्या उत्सर्जन मानकांचा आहे. पुण्याच्या हद्दीत कोळशाचे एकही केंद्र नसताना आपण यात का पडावे, असे एका सदस्याने पहिल्याच बैठकीत विचारले. त्यावर दुसरे एक ज्येष्ठ सदस्य एवढेच म्हणाले की, आपला पंखा ज्या विजेवर फिरतो तिची राख चंद्रपूर, कोराडी, परळी आणि भुसावळच्या लोकांच्या वाळवणावर पडते. त्यानंतर तो प्रश्न पुन्हा कोणी काढला नाही.

माझ्या वाचनातून जे समजले ते असे. ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पारा यांच्या मर्यादा ठरवल्या. त्याआधी चिमणीतून निघणाऱ्या धूलिकणांवर मर्यादा होती. गंधकाच्या वायूसाठी मात्र चिमणी किती उंच असावी एवढाच नियम होता. नव्या मर्यादा वीजनिर्मिती संचाच्या वयानुसार आहेत. २००३ अखेरपर्यंतच्या संचांना धूलिकणांची मर्यादा १०० मिलिग्रॅम प्रति घनमीटर, २००४ ते २०१६ मधील संचांना ५० आणि २०१७ पासूनच्या संचांना ३० आहे. सल्फर डायऑक्साइडसाठी ५०० मेगावॉटपेक्षा लहान जुन्या संचांना ६००, ५०० किंवा त्याहून मोठ्यांना २०० आणि २०१७ नंतरच्या सर्वांना १०० अशी मर्यादा आहे. पालनासाठी दोन वर्षे दिली होती. ती मुदत आधी २०२२ पर्यंत, मग टप्प्याटप्प्याने २०२४, २०२५, २०२६ पर्यंत आणि नंतर थेट २०२७ ते २०२९ पर्यंत गेली. शेवटी ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने, मोठ्या शहरांपासून आणि अतिप्रदूषित क्षेत्रांपासून दहा किलोमीटरपेक्षा दूर असलेल्या केंद्रांना, म्हणजे देशातल्या बहुसंख्य केंद्रांना, चिमणीच्या उंचीचा निकष पाळण्याच्या अटीवर गंधकाच्या मर्यादेतूनच वगळण्यात आले.

माझा गोंधळ इथून सुरू होतो. दहा वर्षे फिरून आपण पुन्हा चिमणीच्या उंचीवर आलो असू, तर दोष मूळ आकड्यात होता, तो कायद्यात बसवण्याच्या पद्धतीत होता, की आपल्या कोळशाला ते मानक मुळातच लागू पडत नव्हते? आणि कोळसा आणखी वीस-पंचवीस वर्षे जाळावा लागणारच असेल, तर ‘त्यातल्या त्यात स्वच्छ’ केंद्राची कायदेशीर व्याख्या काय असावी? कार्बन डायऑक्साइडवर तर आपल्याकडे चिमणीपाशी मर्यादाच नाही. इतर देशांनी ती कशी घातली, हेही जाणकारांनी सांगावे. टिपण या महिनाअखेर पाठवायचे आहे.

जुना बॉयलरवाला

विदर्भातील केंद्रांमध्ये तीस वर्षे काढून आता सिंहगड रस्त्यावर स्थायिक झालो आहे, त्यामुळे माझे मत थोडे आतल्या बाजूचे असेल, हे गृहीत धरून वाचावे.

आपल्या कोळशात गंधक कमी आणि राख भरपूर असते. गंधक साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून कमी, राख तीस ते पंचेचाळीस टक्के. अमेरिकेच्या पूर्व भागातील कोळशाचे चित्र याच्या नेमके उलटे आहे. म्हणून आमच्या पिढीच्या अभियंत्यांनी सगळी अक्कल ईएसपीवर, म्हणजे राख विजेच्या भाराने ओढून पकडणाऱ्या पेट्यांवर खर्च केली आणि गंधकाकडे फारसे पाहिले नाही. गंधक कमी आहे हे खरे, पण जाळलेल्या कोळशाचे टन मोजले की ते कमी राहत नाही.

५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारावर तासाला अंदाजे ३४० टन कोळसा खातो. त्यात ०.४ टक्के गंधक धरले तर १.३६ टन गंधक होते, आणि जळताना त्याला ऑक्सिजन जोडला गेल्यामुळे वजन दुप्पट होऊन ताशी सुमारे २,७०० किलो सल्फर डायऑक्साइड चिमणीत जातो. धुराचे आकारमान ताशी १९ लाख घनमीटरच्या आसपास धरले, तर घनमीटरमागे १,४०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक होतात. मर्यादा २०० ची आहे. ही तफावत ज्वाला नीट लावून किंवा कोळसा धुऊन भरून निघणारी नाही. त्यासाठी एफजीडी, म्हणजे धुरावर चुनखडीची भुकटी कालवलेल्या पाण्याचा फवारा मारून गंधक जिप्समच्या रूपात काढणारे यंत्रच लागते.

आता चिमणीच्या उंचीचा निकष पाहू. ताशी निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या किलोंचा ०.३ वा घात घ्यायचा आणि त्याला १४ ने गुणायचे. जे येईल तितके मीटर उंच धुराडे हवे. वरच्या संचासाठी उत्तर १५० मीटर येते. पण ५०० मेगावॉटच्या संचाची चिमणी आधीच्या नियमानुसार २७५ मीटरची असते, म्हणजे हा निकष ती झोपेतही पूर्ण करते. उलट बाजूने गणित केले, तर २७५ मीटरची चिमणी ताशी २० टनांहून अधिक वायू सोडला तरी या सूत्रात उत्तीर्ण होते. उंच चिमणी वायू कमी करत नाही, त्याचा पत्ता बदलते. हे आम्हाला नोकरीतही माहीत होते. वसाहतीत वास आला नाही की आम्ही समाधानी असायचो, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

तरीही २०१५ चा आकडा आंधळेपणाने आणला गेला, असे माझे मत आहे. नायट्रोजन ऑक्साइडांचेच पाहा. २००४ ते २०१६ च्या संचांना ३०० ची मर्यादा दिली. कमी भारावर बॉयलर चालवताना ती टिकत नाही, असे चाचण्यांत दिसले आणि २०२० मध्ये ती ४५० करावी लागली. हे आधी विचारले असते तर आधीच कळले असते. म्हणून माझी सूचना अशी की, मानक घालताना कोणत्या भारावर, कोणत्या कोळशावर आणि किती वेळाच्या सरासरीवर ते लागू आहे, हे त्याच ओळीत लिहावे. दुपारी सौर वीज आली की कोळशाच्या संचांना ५५ टक्क्यांपर्यंत खाली यावे लागते. तेव्हाचा धूर आणि पूर्ण भाराचा धूर एका फूटपट्टीने मोजणे रास्त नाही.

थिंबल

वरच्या प्रतिसादातील गणिताशी मी सहमत आहे, शेवटच्या परिच्छेदाशी नाही. पण त्याकडे नंतर येतो.

मी भोसरीतील एका प्रयोगशाळेसाठी चिमण्यांचे नमुने घेण्याचे काम पुष्कळ वर्षे केले आहे. ‘आकडा किती असावा’ यावर ज्यांना हिरिरीने वाद घालायचा आहे, त्यांनी एकदा चिमणीच्या नमुना-मंचावर चढून यावे, असे मला नेहमी वाटते. गोल पिंजऱ्याच्या शिडीने वर जायचे, वाऱ्याने मंच हलत असतो, चिमणीच्या भिंतीतले झाकण उघडले की तोंडावर गरम धूर येतो. त्या छिद्रातून नळी आत घालायची आणि धूर ज्या वेगाने वर जात आहे बरोबर त्याच वेगाने तो नळीत ओढायचा. ओढ कमी-जास्त झाली तर जड कण चुकतात किंवा नको तितके येतात आणि पाच तासांची मेहनत वाया जाते. नळीच्या टोकाशी असलेल्या थिंबलमध्ये, म्हणजे टोपणाएवढ्या गाळणीत, धूळ साचते. आधी कोरडी करून तोललेली थिंबल परत आणून पुन्हा कोरडी करायची आणि तोलायची. दोन वजनांतील फरक मिलिग्रॅमांत असतो, आणि त्या फरकावर कोट्यवधींचे निर्णय अवलंबून असतात.

आता मुद्दा. घनमीटरमागे मिलिग्रॅम ही संकल्पना धुरात हवा मिसळली की फसवते. कुठे पत्रा फाटलेला असतो, कुठे एअर प्रीहीटरचे, म्हणजे भट्टीत जाणारी हवा धुराच्या उष्णतेने तापवणाऱ्या यंत्राचे, सील गळत असते. बाहेरची हवा धुरात शिरते आणि प्रदूषक तेवढाच राहूनही घनमीटरमागचा आकडा उतरतो. म्हणून कोळशाच्या धुरासाठी सगळे वाचन ६ टक्के ऑक्सिजनवर आणून वाचावे लागते. एक उदाहरण देतो. धूलिकणांचे वाचन ४५ आले आणि त्या वेळी धुरात ऑक्सिजन ९ टक्के होता. मर्यादा ५० ची आहे, म्हणजे केंद्र उत्तीर्ण दिसते. पण दुरुस्तीसाठी ४५ ला २१ उणे ६, म्हणजे १५ ने गुणून २१ उणे ९, म्हणजे १२ ने भागायचे. उत्तर ५६ च्या वर येते, आणि तेच केंद्र अनुत्तीर्ण होते. एका ठिकाणी मला तक्त्यात दुरुस्त आकड्याच्या रकान्यात मूळ आकडाच उतरवलेला आढळला होता. विचारल्यावर ‘पूर्वीपासून असेच आहे’ असे उत्तर मिळाले. त्यात लबाडी होती की आळस, हे मी आजही सांगू शकणार नाही.

सतत मोजणारी यंत्रे आता चिमण्यांवर बसली आहेत आणि त्यांचे आकडे थेट प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण धुळीचे यंत्र प्रत्यक्षात धूळ तोलत नाही. ते प्रकाश किती अडला किंवा विखुरला हे पाहते आणि त्याचे मिलिग्रॅम करते. ते रूपांतर आमच्या थिंबलशी ताडून बसवलेले असते. कोळशाची खाण बदलली, राखेच्या कणांचा आकार बदलला, तर जुने रूपांतर चुकते. टिपणात याविषयी एक वाक्य अवश्य असावे: कोळशाचा स्रोत बदलल्यावर यंत्राचे अंशांकन पुन्हा करणे बंधनकारक असावे, आणि ते करणारी प्रयोगशाळा केंद्राने निवडू नये, चिठ्ठी टाकून मंडळाने निवडावी. माझ्याच धंद्याच्या विरोधात बोलतो आहे. पण जो बिल चुकते करतो त्याचाच धूर मोजायचा, ही व्यवस्था कोणालाही प्रामाणिक राहू देणे कठीण आहे.

कलम

मी वकील आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच असल्यामुळे अशा प्रकरणांचे कागद वारंवार हाताखालून जातात. मूळ प्रश्न ‘मानक कायद्यात कसे बांधावे’ असा आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

ही मानके पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील नियमांच्या पहिल्या अनुसूचीत असतात. अनुसूची बदलण्यासाठी संसदेत जावे लागत नाही. मंत्रालय अधिसूचना काढते. जी सोय आकडा पटकन कडक करता यावा म्हणून ठेवली, तिच्याच दाराने मुदतवाढ आत येते. सप्टेंबर २०२२ मध्ये मुदतवाढ झाली ती डिसेंबर २०२२ ची तारीख तोंडावर आल्यावर. पुढची अधिसूचना ३० डिसेंबर २०२४ ची आहे, म्हणजे पहिल्या वर्गाची (मोठ्या शहरांजवळच्या केंद्रांची) मुदत संपायला एक दिवस उरला असताना काढलेली. २०२१ च्या अधिसूचनेत विलंबासाठी युनिटमागे ५ ते २० पैशांची भरपाई ठेवली होती आणि पुढे ती वाढवलीही. पण तारीखच सरकत राहिली तर भरपाईची पावती फाटणार कधी? म्हणून टिपणात मागायचेच असेल तर हे मागावे की, एकदा ठरलेली पालनाची तारीख बदलायची झाल्यास मसुदा प्रसिद्ध करून साठ दिवसांच्या हरकतींची प्रक्रिया टाळता येणार नाही, आणि मुदतवाढ मिळणाऱ्या प्रत्येक केंद्राचे नाव व त्याचे कारण त्याच अधिसूचनेला जोडलेले असेल.

दंडाचेही पाहा. १९८६ च्या अधिनियमात उल्लंघनासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होती. जन विश्वास अधिनियम, २०२३ ने ती काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा आर्थिक दंड आणला. कैदेची तरतूद क्वचितच वापरली जात होती, त्यामुळे ती गेल्याचे मला फारसे दुःख नाही. परंतु ५०० मेगावॉटचा संच एका तासात पाच लाख युनिटे तयार करतो. चार रुपये भाव धरला तर ती वीस लाखांची विक्री होते. म्हणजे कमाल दंड एका तासाच्या विक्रीपेक्षाही कमी ठरतो.

एक तरतूद मात्र लोकांच्या हाती आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. १९८६ च्या नियमांतील नियम ३(२) नुसार राज्य मंडळ, जिथे प्रदूषण पोहोचते तेथील हवेची स्थिती पाहून, कारणे लेखी नोंदवून, एखाद्या उद्योगासाठी केंद्राच्या अनुसूचीपेक्षा अधिक कडक मानक घालू शकते. सैल करू शकत नाही. चंद्रपूर २००९ च्या प्रदूषण निर्देशांकापासून अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत गणले गेले आहे. तिथल्या २,९२० मेगावॉटच्या केंद्रासाठी अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांबाबत एकेक प्रकरण पाहून ठरवणाऱ्या दिल्लीतील तज्ज्ञ समितीच्या निर्णयाची वाट पाहत बसण्याची कायदेशीर सक्ती राज्य मंडळावर नाही. तुमचे टिपण दिल्लीला पाठवा, पण त्याची पहिली प्रत मुंबईला जाऊ द्या.

कार्बनविषयी थोडक्यात. कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये, कॅनडाने २०१२ च्या विनियमांनी (१ जुलै २०१५ पासून प्रति गिगावॉट-तास ४२० टन, म्हणजे युनिटमागे ४२० ग्रॅम) आणि ब्रिटनने २०१३ च्या ऊर्जा अधिनियमाने मर्यादा घातल्या. ब्रिटनची रचना अभ्यासण्याजोगी आहे. तिथे युनिटमागे ४५० ग्रॅम हा आकडा आहे, पण कायदा प्रत्यक्षात युनिट मोजत नाही. ४५० ला संचाच्या क्षमतेने आणि वर्षाच्या ८५ टक्के तासांनी गुणून वर्षाला एकूण इतकेच टन, असे बंधन घालतो. ५०० मेगावॉटला ते साधारण पावणेसतरा लाख टन होते. कार्बन न पकडणारे कोळशाचे नवे केंद्र युनिटमागे ९५० ग्रॅम सोडत असेल, तर त्याला वर्षभरात चाळीस टक्क्यांच्या वर चालताच येणार नाही. मर्यादा २०४४ पर्यंत तीच राहील, असेही त्याच कायद्यात लिहून टाकले, म्हणजे गुंतवणूकदाराला पुढचे दिसते. नियम फक्त नव्या केंद्रांना होता आणि त्याखाली कोळशाचे नवे केंद्र उभेच राहिले नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तिथले शेवटचे जुने कोळसा केंद्रही बंद झाले. अमेरिकेत मात्र तिथल्या कायद्याच्या एकाच कलमावर एक सरकार नियम बांधते आणि पुढचे मोडते. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नियामकाच्या अधिकारालाच कात्री लावली.

चिकूवाडी

महाराष्ट्रात एफजीडी जमत नाही, असे कोणी म्हणू लागले तर डहाणूचे उदाहरण द्या. माझे आजोळ तिथले. ५०० मेगावॉटचे केंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील आदेशानंतर नेमलेल्या तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने गंधक काढण्याच्या यंत्राचा आग्रह धरला आणि २००७ मध्ये ते बसले. देशाचे मानक यायला त्यानंतर आठ वर्षे लागली. मुंबईत ट्रॉम्बेला तर एका संचावर समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची सोय त्याच्याही आधीपासून होती. डहाणूला बळ मिळाले ते एका तालुक्यापुरत्या, नाव-गाव असलेल्या प्राधिकरणामुळे, जे दर काही महिन्यांनी ‘काय झाले?’ असे विचारत राहिले.

कर्वेनगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गटातील दोन सदस्यांचे आक्षेप राहिले आहेत. एकांचे म्हणणे, एवढ्या खर्चाचा बोजा शेवटी आपल्याच बिलावर येणार. दुसऱ्यांनी कुठेतरी वाचले आहे की एफजीडी बसवल्याने कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्यामुळे ते बसवणेच पर्यावरणाला घातक आहे, आणि हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेच्या आतच आहे, मग कशासाठी?

दरपत्रक

खर्चाविषयी मी लिहितो, कारण वीज नियामक आयोगापुढील याचिका वाचणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे.

एफजीडीचा भांडवली खर्च मेगावॉटमागे ८० लाख रुपये धरू. प्रत्यक्षात काही ठिकाणी कमी, काही ठिकाणी जास्त निघाला आहे. व्याज, घसारा आणि परतावा मिळून त्याचा वार्षिक भार १५ टक्के, म्हणजे १२ लाख. एक मेगावॉट क्षमता ६५ टक्के वापराने वर्षाला सुमारे ५७ लाख युनिटे देते. भागाकार केला की युनिटमागे २१ पैसे. चुनखडी, पाणी आणि यंत्र स्वतः खाते ती वीज यांचे काही पैसे मिळवून पंचवीस पैसे धरा. महिना २०० युनिटे वापरणाऱ्या घरात सगळीच्या सगळी वीज कोळशाची आहे असे मानले तरी वाढ ५० रुपयांची होते. सौर, जल आणि वाऱ्याचा वाटा वजा केला की त्याहून कमी. हा बोजा नगण्य आहे असे मी म्हणणार नाही, विशेषतः शेतकऱ्यांच्या आणि लहान कारखान्यांच्या बाबतीत. पण ‘परवडणारच नाही’ हेही खरे नाही.

यापेक्षा मोठी अडचण दुसरीकडे आहे. मे २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने हा खर्च ‘कायद्यातील बदल’ समजून दरात वसूल करू द्यावा, असे सांगितले, ते योग्यच होते. पण कोणत्या केंद्राची वीज आधी घ्यायची हा क्रम बदलत्या खर्चावर, म्हणजे प्रत्येक युनिट तयार करताना इंधन वगैरेवर होणाऱ्या खर्चावर, लागतो. ज्याने यंत्र बसवले त्याचा बदलता खर्च चार-पाच पैशांनी वाढतो आणि ज्याने टाळाटाळ केली तो रांगेत त्याच्या पुढे जातो. कायदा पाळणाऱ्याला मागे उभे करणारी ही रचना आहे, आणि २०२५ च्या सवलतीनंतर ती अधिकच बोचेल. क्रम लावताना प्रदूषण नियंत्रणाचा बदलता खर्च बाजूला ठेवावा, एवढी एक दुरुस्ती टिपणात जरूर मागावी. ती करायला नवा कायदाही लागत नाही.

जुना बॉयलरवाला

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर मी देतो. रसायनशास्त्र खोटे नाही: ६४ टन सल्फर डायऑक्साइड पकडायला १०० टन चुनखडी लागते आणि त्यातून ४४ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. माझ्या आधीच्या उदाहरणातील संचात ताशी सुमारे २.६ टन वायू पकडला, तर चुनखडीतून १.८ टन कार्बन डायऑक्साइड येईल. त्याच तासात कोळशातून येतो तो ४७५ टनांच्या घरात. म्हणजे वाढ अर्ध्या टक्क्याहून कमी. यंत्राला लागणारी एक-दीड टक्का वीज धरली तरी एकूण वाढ दोन टक्क्यांच्या आत राहते. ती टाळायची असेल तर जुने २१० मेगावॉटचे संच वेळेवर निवृत्त करावेत, त्यातून कितीतरी अधिक वाचेल. पाण्याचा आक्षेप मात्र मी गंभीर मानतो. चुनखडीच्या पद्धतीला जास्तीचे पाणी लागते, आणि परळीचे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे.

हवेतील सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे, हे बहुतेक ठिकाणी खरे आहे. परंतु तो वायू त्याच रूपात राहत नाही. वाटेत त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. मापकावर त्यांची नोंद गंधकाच्या रकान्यात न होता पीएम २.५ च्या, म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकणांच्या, रकान्यात होते. शिक्षा भोगणारा रकाना वेगळा आणि गुन्हा करणारा वेगळा, असा हा प्रकार आहे. सरकारने २०२५ च्या सवलतीसाठी नामांकित संस्थांच्या अभ्यासांचा आधार घेतला आहे आणि त्यांतील मोजमापांशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते दहा किलोमीटरच्या वर्तुळाशी. वारा त्या वर्तुळापाशी थांबत नाही.

थिंबल

आता राहिलेला मतभेद. बॉयलरवाले साहेब, कमी भाराला वेगळी फूटपट्टी द्या, हे मला पटत नाही. संच बंद स्थितीतून चालू करताना आधी तेल जाळतात. तेलाची काजळी आत बसून पेट घेऊ नये म्हणून तेवढा वेळ ईएसपी पूर्ण क्षमतेने लावत नाहीत. त्या काही तासांत चिमणीतून जे निघते ते काळेभोर असते आणि ‘चालू करण्याचा काळ’ म्हणून ते सरासरीतून वगळले जाते. पूर्वी वर्षातून थोड्या वेळा असे व्हायचे. सौर विजेमुळे संच वारंवार वरखाली किंवा बंद-चालू करावे लागले, तर हेच तास वाढत जाणार. वगळायचेच असेल तर वर्षाला किती तास, याला मर्यादा हवी.

जुना बॉयलरवाला

हे मान्य. तेलावरचे तास मी विसरलो होतो, असे म्हणणे खोटे ठरेल. ते मोजायची आम्हाला सवयच नव्हती. कमी भारासाठी वेगळा आकडा द्यावा, या मतावर मी ठाम आहे, पण वगळलेल्या तासांची नोंद आणि त्यांची वार्षिक मर्यादा दोन्ही असाव्यात.

कर्वेनगरकर

टिपणाचा गाभा आता असा ठरवला आहे. आकड्यासोबत भार, सरासरीचा कालावधी आणि ६ टक्के ऑक्सिजनची अट एकाच ओळीत असावी. वगळलेल्या तासांवर वार्षिक मर्यादा असावी. प्रयोगशाळेची निवड मंडळाने चिठ्ठीने करावी. तारीख बदलण्याआधी साठ दिवसांच्या हरकती घ्याव्यात. वीज घेण्याच्या क्रमातून नियंत्रणाचा बदलता खर्च वगळावा. आणि चंद्रपूरसाठी नियम ३(२) खाली राज्य मंडळाने स्वतंत्र मानक ठरवावे. कार्बनसाठी ब्रिटनसारखी वार्षिक टनांची मर्यादा फक्त नव्या संचांना मागतो आहोत. आमच्यापैकी दोघांचा याला विरोध आहे आणि तो टिपणात तसाच नोंदवणार आहोत.

कलम

नियम ३(२) च्या परिच्छेदात ‘कारणे लेखी नोंदवून’ हे शब्द जसेच्या तसे ठेवा आणि ती कारणे तुम्हीच सोबत जोडा: चंद्रपूरच्या मापकांची गेल्या तीन हिवाळ्यांतील पीएम २.५ ची दैनिक वाचने, तारीखवार. मंडळाच्याच संकेतस्थळावरून उतरवलेली असली की ती नाकारणे त्यांना अवघड जाते. आणि टिपण टपालाने पाठवत असाल तर पोचपावतीसह पाठवा. पुढे खंडपीठापुढे जावे लागले, तर आमच्याकडे पहिला प्रश्न त्या पावतीचाच विचारला जातो.